सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिका आणि अंगणातला ताम्हण

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघाले की लोणी काळभोर मागे पडल्यावर उरुळी कांचनपर्यंत, आणि त्याच्याही थोडे पुढे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीच्या सावल्या दिसू लागतात. शोभेच्या झाडांची ही मोठी बाजारपेठ आहे आणि पुणे परिसरात नवे घर बांधून दारात एखादे देखणे झाड असावे अशी इच्छा धरणारा माणूस आज ना उद्या इथे येतोच. ज्या घरापुढे जेमतेम एकच झाड मावणार आहे, त्या घराच्या मालकाला हा बाजार कितपत उपयोगी पडतो, त्याने इथे काय पारखून घ्यावे, कशासाठी पैसे मोजावेत आणि कशासाठी हात आखडता घ्यावा, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. ज्या रोपवाटिकांत मी फिरले त्यांची नावे देत नाही, कारण पुढे येणारे गुणदोष कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच आढळले आणि एकाच दुकानदाराच्या माथी ते मारणे न्यायाचे होणार नाही.

आमचे घर मांजरीत आहे. घरासमोर साधारण २० फूट रुंद आणि २५ फूट लांब मोकळी जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याचे चेंबर आहे आणि कुंपणाबाहेरून विजेची तार गेलेली आहे. उपनगरांतल्या स्वतंत्र घरांची अंगणे बहुधा अशीच असतात. अशा जागेसाठी झाड निवडताना फुलाचा रंग शेवटी पाहायचा असतो. त्याआधी ते पूर्ण वाढल्यावर किती उंच आणि किती रुंद होईल, त्याची मुळे टाकीच्या भिंतीशी कशी वागतील, वळवाच्या वाऱ्यात फांद्या टिकतील का, आणि बहर ओसरल्यावर उरलेले दहा महिने ते झाड दारात उभे राहण्याच्या लायकीचे दिसेल का, हे पाहावे लागते. रोपवाटिकेत मात्र पहिला प्रश्न हमखास असा येतो: "ताई, फुलांचं पाहिजे का सावलीचं?"

गुलमोहराची शिफारस जवळजवळ सगळीकडे झाली. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष मे महिन्यात विलक्षण देखणा दिसतो, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याची मुळे वरच्या थरात पसरून फरशा उचलतात, लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींवर कोसळलेल्या पुणेकर दरवर्षी पाहतात. त्याला मैदान हवे, अंगण नव्हे. आफ्रिकेतून आलेले पिचकारीचे झाड याच कारणाने बाद झाले. सप्तपर्णी स्वस्त मिळते आणि झपाट्याने वाढते, म्हणून सोसायट्यांच्या आवारात ती भरमसाट लावली गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तिच्या फुलांचा वास असा काही दाटतो, की शयनगृहाच्या खिडकीजवळ ती लावणाऱ्याचे डोके उठल्याशिवाय राहत नाही. आणि एकदा लावलेले झाड नकोसे झाले म्हणून पाडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे आपल्या स्वतःच्या अंगणातले झाड तोडण्यासाठीदेखील वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ही गोष्ट झाड विकताना कोणीही सांगितली नाही.

बहावा हा खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. तो इथलाच, आकाराने मध्यम, उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरणारा, आणि त्याचे पिवळे घोस लोंबू लागले की त्याच्यापुढे दुसरे काही नजरेत भरत नाही. त्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसतात, पण ज्याला अंगणात फुलपाखरे हवी आहेत त्याने ते सोसावे. दोन गोष्टी मला खटकल्या. बहर सरल्यावर झाडाचा बांधा विसविशीत दिसतो, आणि त्याचे सोटमूळ खोल जाणारे असल्यामुळे पिशवीत फार दिवस राहिलेले रोप तळाशी वेटोळे घालून बसते. अशी रोपे या बाजारात सर्रास दिसतात. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो त्यांनी मात्र फारसा विचार न करता बहावाच निवडावा, फक्त रोप लहान घ्यावे.

देवचाफ्याबद्दल एक वेगळी नोंद करायला हवी, कारण मोठे वाढलेले झाड विकत घेऊ नये हा बाकी सगळ्या झाडांना लागू पडणारा नियम त्याला लागू पडत नाही. चाफ्याची जाड फांदी कापून, चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मातीत खोचली तरी ती जीव धरते, आणि मोठे वाढलेले झाड उपटून दुसरीकडे लावले तरी सहसा दगावत नाही. त्यामुळे मोठा, वळणदार बुंध्याचा चाफा महाग घेतला तर ते पैसे वसूल होतात. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेऱ्याची नारिंगी भुकटी धरते आणि हिवाळ्यात नुसत्या बोडक्या फांद्या उरतात. ज्यांचे अंगण दहा-बारा फुटांचेच आहे त्यांना तरीही याहून सोयीचे झाड मिळणार नाही.

अखेर ताम्हण घेतला. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे हे वाक्य प्रत्येक विक्रेता ऐकवतो, पण झाड निवडण्याचे ते कारण होऊ शकत नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर तो ओढ्यानाल्यांच्या काठाने वाढतो, आणि त्याचा सगळा स्वभाव या एका गोष्टीतून उलगडतो. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले तरी तो कुरकुरत नाही, पण पहिले काही उन्हाळे त्याला पाण्यावाचून काढता येत नाहीत. ओलसर दरीत तो ५० फुटांच्या वर जातो. पुण्याच्या मुरमाड जमिनीत आणि बेताच्या पाण्यावर २० ते ३० फुटांत आटोपतो, आणि घरासमोरच्या झाडाची उंची एवढीच असावी. थंडीच्या अखेरीस त्याची पाने तांबूस, कधी चक्क विटकरी लाल होऊन गळतात. त्या दिवसांत ऊन घरात येते आणि ते हवेसेही असते. मार्चमध्ये कोवळी पालवी फुटते, एप्रिलच्या अखेरीस फांद्यांच्या टोकांना उभे तुरे येतात, आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास झाड जांभळट गुलाबी होते.

फूल जवळून पाहण्यासारखे असते. कळी गोलसर, तपकिरी लव असलेली, आणि तिच्यावर उभ्या धारा कोरल्यासारख्या असतात. ती उमलली की सहा पाकळ्या बाहेर येतात. प्रत्येक पाकळी देठाशी बारीक दोऱ्याएवढी निमुळती आणि पुढे चुरगळलेल्या तलम कापडासारखी. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. सकाळी काळे मोठे भुंगे या पुंकेसरांवर येतात, मधासाठी नव्हे, परागांसाठी. पहिल्या दिवशीचा गडद रंग उन्हाने फिकटत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यात वर कळ्या, मध्ये गडद फुले आणि खाली फिकी फुले असा उतरता क्रम दिसतो. सुवास नाही. सुवासाची अपेक्षा असलेल्यांनी सोनचाफ्याचे कलम घ्यावे. फुलांनंतर येणारी बोंडे लाकडासारखी कठीण होऊन उकलतात आणि झाडावर महिनोन्‌महिने राहतात. काहींना ती विद्रूप वाटतात, पानगळीनंतर ती मला तरी शोभिवंतच वाटली.

आता बाजाराकडे. "ताम्हण दाखवा" म्हटल्यावर मला तीन वेगवेगळी झाडे दाखवली गेली. एक खरा ताम्हण. दुसरी त्याची झुडुपासारखी चुलत बहीण, जिला अनेक ठिकाणी सावनी म्हणतात. ती आठ-दहा फुटांच्या वर सहसा जात नाही, पांढऱ्या, गुलाबी, लाल रंगांत मिळते, कुंडीतही फुलते आणि दमट हवेत तिच्या पानांवर भुरी पडते. तिसरे आग्नेय आशियातून आलेले, ताम्हणाच्याच जातकुळीतले झाड, ज्याची फुले लहान असतात आणि उमलल्यावर इतकी फिकट होत जातात, की झाडावर गुलाबी आणि पांढरी अशी दुरंगी फुले एकाच वेळी दिसतात. हे झाड वाईट नाही. पावसाळ्यातही फुलते आणि रस्त्यांच्या कडेने ते ताम्हण म्हणूनच खपून गेले आहे. पण ज्याला राज्यपुष्प हवे आहे त्याला ते देऊन वर "हाच ताम्हण" असे सांगणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. खऱ्या ताम्हणाचे पान चांगले वीतभर लांब होते, कळीवरच्या धारा बोटाला लागतात आणि फूल दोन ते तीन इंच रुंद असते. रोप लहान असेल आणि फुलावर नसेल तर पानाशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून मे महिन्यात जाऊन फुलावरची झाडे पाहून ठेवावीत, त्याच खेपेची रोपे निवडून त्यांना खुणेची दोरी बांधावी आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावर ती उचलावीत. फुलांचे प्रकार नीट नावांसह पाहायचे असतील, तर पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे पुष्पप्रदर्शन सोयीचे पडते, फक्त ताम्हण त्या दिवसांत फुलावर नसतो.

रोपवाटिकांची मांडणी, स्वच्छता आणि माणसांची वागणूक यांबद्दल मला तक्रार करण्याजोगे काही आढळले नाही. उन्हातान्हात हिंडून दहा झाडे दाखवायला लावली तरी कोणी कंटाळा केला नाही. चहा झाला, घासाघीसही झाली. उणीव आहे ती माहितीत. झाडाला पाटी नसते. असली तर तिच्यावर नाव चुकीचे असते, आणि झाडाचे मोल फक्त दोन गोष्टींवर ठरते: उंची किती आणि बुंध्याचा घेर किती. साधारण ३ फुटांचे रोप १५० रुपये, ५ ते ६ फुटांचे ४५० रुपये आणि १२ फुटांच्या वरचे, मोठ्या पिशवीतले झाड साडेचार हजारांच्या पुढे, असे भाव मला सांगण्यात आले. म्हणजे ६ फुटांवरून १२ फुटांवर गेले की उंची दुप्पट होते आणि किंमत दहापट. "ताई, हे मोठं घ्या, तुमची तीन वर्षं वाचतील," असे मालक आग्रहाने सांगत होते. मालक फोनवर बोलायला बाजूला गेल्यावर तिथल्या माळीकाकांनी हळूच सांगितले ते असे: "मोठं झाड बसायलाच दोन वर्षं घेतं ताई. हे बारकं न्या, पुढं जाईल." या बाजारात ऐकलेला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता, आणि तो फुकट मिळाला.

त्याचे कारण पिशवीच्या आत असते. उंच झाड पिशवीत दोन-तीन वर्षे काढते. मुळांना जागा नसते, म्हणून ती पिशवीच्या भिंतीला धरून गोल गोल फिरत राहतात आणि जाड होतात. असे झाड जमिनीत लावल्यावर मुळे त्याच वेटोळ्यात वाढतात, बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत, आणि काही वर्षांनी तीच मुळे बुंध्याला फास लावतात. शिवाय इथली बरीच मोठी झाडे आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून मालमोटारींनी आलेली असतात. तिथे जमिनीत वाढवून, मुळे छाटून, मुळांभोवती चिकट मातीचा गोळा, म्हणजे हुंडी, बांधून ती पाठवली जातात. इथे पोचल्यावर ती हुंडी नव्या पिशवीत बसते आणि वरून आपली माती टाकली जाते. ही हुंडी सुकली की विटेसारखी घट्ट होते आणि बाजूच्या मातीत पाणी असले तरी आत मुरत नाही. झाड वरून हिरवे दिसते, कारण खोडातला साठा अजून संपलेला नसतो.

म्हणून पारख करायची ती मुळांची. मी पिशवी जमिनीवर आडवी करायला लावली आणि तळाच्या भोकांतून बाहेर आलेली मुळे पाहिली. करंगळीएवढी जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत घुसलेली असतील, तर ते झाड उचलताना तुटणारच. ते सोडून द्यावे. नंतर खोड हलकेच हलवून पाहिले. खोड आणि माती एकत्र हलली तर मुळांनी माती धरली आहे. खोड मातीत सैल फिरले तर झाड नुकतेच पिशवीत बसवलेले आहे. मातीच्या वरच्या थरात बोटे घालून बुंधा जिथे रुंदावून मुळांत उतरतो ती जागाही पाहिली. अनेक पिशव्यांमध्ये ती चार-पाच इंच खाली गाडलेली होती. बाजूची काठी काढल्यावर झाड स्वतःच्या बळावर उभे राहते का, शेंडा एकच आहे की दुबेळके झाले आहे, आणि सुतळी सालीत रुतली आहे का, हेही पाहण्यासारखे आहे. या कसोट्यांवर १२ फुटी झाडांपैकी मला एकही पसंत पडले नाही. ५ फुटांचे, अंगठ्याएवढ्या बुंध्याचे, तळाशी पांढरी बारीक मुळे दिसणारे एक रोप पसंत पडले आणि घासाघीस करून ४०० रुपयांना मिळाले. एवढी तपासणी करू दिली याचे श्रेय त्या रोपवाटिकेला दिलेच पाहिजे.

लावून देण्याची सेवा वेगळी घ्यावी लागते. खड्डा, माती, खत आणि मजुरी धरून १,२०० रुपये ठरले, म्हणजे झाडाच्या तिप्पट. त्यात मिळाले काय? दोन माणसे आली, दीड फुटाचा खड्डा झाला आणि "बस झालं" म्हणून पिशवी फक्त एका बाजूने फाडून झाड तसेच उतरवण्याची तयारी झाली. नव्या घराच्या अंगणात वरच्या एक-दीड फुटात बहुधा बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे आणि विटांचे तुकडे असतात. आमच्याकडेही तेच होते. तेव्हा मी खड्डा ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि तेवढाच खोल करायला लावला, राडारोडा बाजूला काढला, आणि त्यात दोन घमेली पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहिले. नंतर निम्मी बागेची माती, राहिलेल्यात निघालेला मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत, वर दोन ओंजळी निंबोळी पेंड असे भरून घेतले. पिशवी पूर्ण काढली, कडेची फिरलेली मुळे धारदार सुरीने उभी कापली आणि बुंध्याचा रुंद भाग जमिनीच्या पातळीच्या किंचित वर राहील असे झाड बसवले. माणसे कष्टाळू होती, सांगितले ते त्यांनी निमूटपणे केले. पण या सेवेत ज्ञानाचे पैसे घेतले जातात आणि ज्ञान मात्र ग्राहकानेच पुरवायचे असते. घरात दोन धडधाकट माणसे आणि एक कुदळ असेल, तर ही सेवा घेऊ नये.

जागा कुठली धरावी याबद्दल थोडक्यात सांगते. पाण्याच्या टाकीपासून आणि चेंबरपासून आम्ही १२ फुटांचे अंतर ठेवले आणि तारेच्या खाली येणार नाही असा पश्चिमेकडचा कोपरा निवडला, त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी बैठकीच्या खोलीवर सावली पडते. कुंपणाच्या भिंतीला चिकटून झाड लावण्याची पद्धत सगळीकडे दिसते. तिने झाडाचेही नुकसान होते आणि भिंतीचेही.

देखभालीत ताम्हण फार काही मागत नाही, पण पहिल्या दोन उन्हाळ्यांत जे मागतो ते टाळता येत नाही. ठिबक सिंचनाचे, ताशी ४ लिटर पाणी सोडणारे दोन ड्रिपर आणि आठवड्यातून दोनदा तीन तास, असे पाणी आम्ही देत होतो. रोज वरवर पाइप मारला तर मुळे वरच येतात. कमी वेळा पण खोल मुरेल असे पाणी द्यावे आणि मधे जमीन वाफशावर, म्हणजे चिखल ओसरून नुसती ओलसर राहील अशी, येऊ द्यावी. ड्रिपर बुंध्याशी न ठेवता दरवर्षी थोडे थोडे बाहेर सरकवावेत. आळ्यावर उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन घातले. मांजरीच्या आसपास ते सहज मिळते, फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये, नाहीतर ओलीने साल कुजते आणि वाळवीलाही आयतेच आमंत्रण मिळते. आधाराची काठी पहिल्या पावसाळ्यापुरती ठीक; ती वर्षाच्या पुढे ठेवली तर खोड लुळे राहते. पानांवर एकदा पिठ्या ढेकूण आला होता. पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर लिटरमागे ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल थोड्या साबणाबरोबर, एवढ्याने तो गेला. छाटणीचे म्हणाल तर फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून जी काही छाटणी करायची ती पानगळ झाल्यावर, पालवी फुटण्याच्या आधी करावी: एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, बुंध्यावरचे खालचे फुटवे, हवे तर जुनी बोंडे. शेंडा मारून झाडाचे मुंडण करणारे माळी दारावर येतात. त्यांना पाणी पाजून वाटेला लावावे.

झाडाने काय दिले? पहिल्या वर्षी ते जवळपास जागचे हलले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एकदम उसळले. आता तीन पावसाळे होऊन गेले आहेत आणि ते १४ फुटांच्या आसपास पोचले आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात सहा-सात तुरे आले, फार नव्हे, पण रस्त्याने जाणारा माणूस मान वर करून बघेल इतके. शेजारच्या बंगल्यात त्याच सुमारास, त्याच रस्त्यावरून आणलेले १२ फुटी ताम्हण लावले होते. लावले तेव्हा त्यावर फुले होती आणि आमच्या काडीकडे पाहून येणारेजाणारे हसत. त्याचा शेंडा पहिल्याच उन्हाळ्यात वाळला, वरचा तीन फूट भाग कापावा लागला, आणि आज ते आमच्या झाडापेक्षा थोडे ठेंगणेच आहे. एका जोडीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मान्य, परंतु झाडांच्या व्यवसायातली जुनी माणसे जे सांगतात त्याच्याशी ते जुळते. बारा फुटी झाडाला एका वर्षाची हमी असल्याचे तोंडी सांगितले गेले होते. बिलावर मात्र "विकलेले झाड परत घेतले जाणार नाही" असा शिक्का निघाला, आणि शेंडा वाळल्यावर पुष्कळ बोलाचालीनंतर दुसरे झाड निम्म्या किमतीत देऊ केले गेले. हमी हवी असेल तर ती बिलावर लिहून घ्यावी आणि झाड किती वाळले तर ते वाळले म्हणायचे हेही त्यात घालावे. बिलात झाडावर जीएसटी लावला असेल तर तेही विचारावे, कारण जिवंत रोपे आणि झाडे यांना हा कर माफ आहे. कुंडी, वाहतूक आणि मजुरी यांच्या रकमा स्वतंत्र ओळींत मागून घ्याव्यात.

वाहतुकीचा भाग लोक गृहीत धरतात आणि तिथेच नुकसान होते. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोत, उघड्यावर उभे केलेले झाड महामार्गाच्या वाऱ्याने तासाभरात होरपळते. पाने काळी पडतात आणि दोष मात्र नंतर खताला दिला जातो. झाड आडवे ठेवून, शेंडा मागच्या बाजूला करून, ओल्या गोणपाटाने किंवा जाळीने झाकून, शक्यतो संध्याकाळी आणावे. उचलताना खोडाला धरू नये, पिशवीच्या तळाला हात घालावा; खोडाला धरून उचलले की हुंडी फुटते आणि नवी मुळे तुटतात. आमच्या टेम्पोवाल्याने हे न सांगता केले आणि ५०० रुपये घेतले, ते मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी सोलापूर रस्त्याला आणखी एक पर्याय आहे. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर देशी झाडांची लहान रोपे अगदी कमी दरात मिळतात. तिथे सजावट नाही, चहा नाही, घरपोच सेवा नाही, आणि हव्या त्या दिवशी हवे ते झाड मिळेलच असेही नाही. पण ताम्हण शिल्लक असेल तर तो एक-दीड वर्षाचा, मुळे अजून पिशवीत न फिरलेला असतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आधी चौकशी करून जावे, एकाऐवजी दोन रोपे घ्यावीत, आणि त्यांतले जोमदार असेल ते लावून दुसरे शेजाऱ्याला द्यावे.